सोळा किलो

लीड्सच्या हॉस्पिटलात पहिल्या दिवशी
कुणी पोटाकडे बघितलंच नाही.
गेनोर नावाच्या पोरीनं हातात एक दांडा दिला,
म्हणाली, आवळा. अजून. जीव खाऊन.
काटा साडेबारा किलोवर अडकला.

झाकली मूठ सव्वा लाखाची,
ते कुणी मोजायला मागत नाही तोवरच.
ह्याच हातांनी हॅलिफॅक्सच्या कारखान्यात
सव्वीस वर्षं टॉफीचे डबे भरले,
मिनिटाला अकरा.
आता केमोनं बोटांची टोकं परक्यासारखी वागतात,
गार नळाखाली धरली की डसतात.

मग खुर्ची. हात छातीवर बांधून
उठायचं, बसायचं, तीस सेकंद.
मला हसूच आलं.
मिरजेच्या शाळेत गृहपाठ राहिला की
पानसेबाई हेच करायला लावत,
फक्त तेव्हा कान धरावे लागत.
तेव्हा पन्नास काढल्या होत्या.
आता सात.

सर्जनबाईंनी कागदावर दोन रेघा ओढल्या.
दोन्ही उताराच्याच.
एक घाईनं उतरणारी, एक जरा रमतगमत.
आत जाताना अंगात ताकद असली, त्या म्हणाल्या,
तर बाहेर आल्यावर निभतं. बहुतेक वेळा.
रेघा त्यांनी पेनानं काढल्या, बहुतेक तोंडानं.
मी तो शब्द पर्समध्ये घालून घरी आणला.

पाच आठवडे हातात.
बार्शीहून नणंदेचा फोन, पडून राहा गं,
अंगाला तोशीस नको.
दिनानाथ किचनच्या काट्यावर पनीर तोलतात,
पोस्टात पार्सलं तोलायचे तसे,
चष्मा कपाळावर चढवून, एका ग्रॅमलाही माफी नाही.
आणि शेजारचे ओल्ड्रॉइड
सकाळी आपली म्हातारी कुत्री माझ्या हवाली करतात.
टिली बीकन हिलच्या चढावर
दर वीस पावलांनी थांबते.
दोघींपैकी नक्की कोण थांबलं
हे विचारायला वाऱ्याशिवाय कुणी नसतं.
खाली गिरण्यांची काजळी अजून भिंतींना धरून.

पोट जाणार. सगळंच.
मग पोटात ठेवलेलं कुठं ठेवायचं?
एक दिवस चढावरच दिनानाथना सांगून टाकलं
भावाला दिलेल्या नऊशे पौंडांचं, ब्याण्णव सालचं.
ते म्हणाले, माहीत होतं.
आणि कुत्रीचा पट्टा माझ्या हातातून घेतला.
मी परत घेतला. व्यायाम माझा होता.

मंगळवारच्या वर्गात क्लिफर्ड असायचा,
माझाच आजार, जुना खाणकामगार.
तीस सेकंदांत एकोणीस उठाबशा,
वर श्वास न लागता विनोद.
माझ्या आधी तीन आठवडे त्याचा नंबर लागला.
त्याची खुर्ची गेनोरनं भिंतीकडे वळवून ठेवली,
नंतर कुणीतरी तिच्यावर कोट टाकला.
गृहपाठ केलेलाही नापास होतो, बाई.
एवढं मात्र सांगून ठेवते,
मी परत आले नाही, तर हिनं केला नसेल
असं कुणी म्हणायचं नाही.
तेरा उठाबशा. सोळा किलो.
वहीत तारखेसकट आहे.

गुरुवारी सकाळी पोर्टरनं विचारलं,
ट्रॉली, की चालत?
चालत.
पाठीला बंद नीट न बसणारा गाऊन,
पायात त्यांचे न घसरणारे लाल मोजे,
एकसष्ट पावलं, मधे एक जड दरवाजा
जो मी खांद्यानं ढकलला,
त्यानं हात पुढे केला होता तरी.

आत भुलीचा डॉक्टर शीर शोधत होता.
मूठ आवळा, म्हणाला.
आवळली.
त्याच्याकडे काटा नव्हता,
त्यामुळे किती ते फक्त मला ठाऊक.
छान, आता सोडा.
लगेच नाही सोडली.